ह्यांनी करून ठेवलेली पत्रिका

आमच्या सुदामा नगरच्या घरात पुढच्या खोलीत ह्यांचा कम्प्युटर आहे. टेबलावर पडदा, टेबलाखाली पेटी. पेटी मुळात पांढरी होती, आता तिच्यावर कुणी चहा सांडून पुसायला विसरलं असावं अशी दिसते. हे त्यावर पत्रिका करायचे. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या, आणि माणूस गेलं की तेराव्याच्याही. इंदूरच्या मराठी घरांत कुणाचं काय ठरलं ते देवाच्या आधी आमच्याकडे कळतं, असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

ह्यांचे वडील मिलमध्ये कारकून होते, ती मिल बंद पडली. हे एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले, तो छापखानाही बंद पडला. "मी जिथं पाय ठेवतो तिथं कुलूप लागतं," असं हे म्हणायचे, पण तोंड पाडून नाही, हसून. मग कुणीतरी वापरून सोडलेला एक कम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि पत्रिकांचं काम सुरू केलं. त्याला कुलूप लागलं नाही.

कामाची त्यांची एक खोड होती. नवीन पत्रिका ते कधी कोऱ्या पानावर सुरू करत नसत. मागच्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडायची, नावं बदलायची, तारीख बदलायची, झालं. वेळ वाचायचा, पण कधीतरी जुनं काहीतरी राहून जायचं. एकदा देपालपूरच्या एका नवऱ्या मुलाच्या पत्रिकेत आधीच्या घरातली एक आत्या तशीच राहिली. ती माणसं छापून झाल्यावर आमच्या दारात उभी, "ही आत्या कोण?" हे शांतपणे म्हणाले, "असू द्या हो, एक आत्या जास्त आली तर आहेर जास्त येईल." ती माणसं हसली म्हणून बरं. मी आत कपाळाला हात लावून बसले होते.

तर अशा माणसाला तीन वर्षांमागे दुखणं लागलं. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. हे बाहेर बाकावर पंख्याखाली बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर चार-सहा महिने, आणि ऑपरेशन करून उपयोग नाही. मी बाहेर आले आणि हसून म्हणाले, "लिव्हरला सूज आहे. पथ्य पाळलंत तर उतरेल." ते बाकावरून उठले आणि म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? तू उगीच घाबरतेस."

त्यांना सांगायचं नाही हा निर्णय माझा होता. आमच्याकडे असंच करतात. माझ्या सासऱ्यांना सांगितलं नव्हतं, माझ्या आईला सांगितलं नव्हतं. माणसानं कळल्यावर हाय खाऊन मरायचं, त्यापेक्षा न कळता गेलेलं बरं, असं मी ऐकत आले होते आणि मला ते पटलेलं होतं. रिपोर्टांची पिशवी मी तूरडाळीच्या डब्यामागे लपवली. नातेवाइकांना बजावलं की घरात यायचं तर हसत यायचं. एक लांबची जाऊ उंबऱ्यातच डोळ्याला पदर लावून उभी राहिली तर मी तिला म्हणाले, "रडायचं असेल तर तुमच्या घरी जाऊन रडा." ती अजून माझ्याशी बोलत नाही. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट मी गड राखते आहे असं वाटायचं.

चौथ्या महिन्यातली एक दुपार होती. मी दुधी चिरत होते. हे पुढच्या खोलीतून हळूहळू चालत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"अगं, पोरीची पत्रिका करून ठेवलीय. कोऱ्या पानावर केलीय हं, कुणाच्या पत्रिकेवरून नाही. मुलाकडचं तेवढं भरायचं राहिलंय."

"मुलाचा पत्ता नाही आणि पत्रिका! वरातीमागून घोडं ऐकलं होतं, तुमचं घोडं वरातीच्या आधीच निघालं."

"बघतेस एकदा?"

"बघेन नंतर."

"आत्ता बघ ना. तुझी नजर पडली म्हणजे झालं."

"आधी ते पाणी प्या. दुपारपासून पेला तसाच आहे."

ते पाणी प्यायले, पेला मोरीत ठेवला आणि जाऊन पडले. पाचव्या महिन्यात ते गेले. ती पत्रिका मी बघितली नाही, नंतर कधी बघावी असंही वाटलं नाही. मला टाइप येत नाही, कम्प्युटरचा माझा संबंध पुसण्यापुरता. शनिवारी पुसायचा आणि वरून चादर घालायची.

पुसण्यापुरता म्हणते, पण आणखी एक होतं. खंडेनवमीला आमच्याकडे पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. सासरे लेखणी आणि दौत मांडायचे, हे आधी खिळे मांडायचे आणि मग कम्प्युटर आल्यावर कम्प्युटर. तेव्हा पूजा मी करायचे. हे आधी "थांब जरा" म्हणून टेबलाखाली वाकून काहीतरी खुडबुड करत, मी तोवर निरांजन लावत असे. मग हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. हे गेल्यावर दोन खंडेनवम्या मी एकटीनं केल्या, आणि जरा जास्तच मनापासून केल्या. ओल्या बोटांनी हळद-कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं, मूठभर अक्षता टाकल्या. फूल पेटीवरून घसरायला लागलं तर ते कडेच्या फटीत नीट अडकवून ठेवलं. त्या दिवशी मला घरात एकटं वाटलं नाही.

यंदा लेकीचं लग्न ठरलं. ती भोपाळला नोकरी करते. मुलगा तिथलाच, तिनंच शोधलेला, घरचं चांगलं आहे. लग्नाला दोन महिने होते. मी तिला फोनवर सहज म्हणाले की बाबांनी तुझी पत्रिका करून ठेवली होती.

"सच्ची? तू मला बोलली नाहीस कधी."

"विसरले गं."

"आई, मग तीच छापायची. मला दागिने नको, डेस्टिनेशन-बिस्टिनेशन काही नको. कार्ड बाबांनी बनवलेलंच पाहिजे."

ती असं काही मागणाऱ्यांतली नाही. लहानपणीही जत्रेत हट्ट केला नाही तिनं. त्यामुळे मी हो म्हटलं आणि त्याच दुपारी चादर काढून बटण दाबलं.

आतला पंखा घुरघुरला. हिरवा दिवा लागला. आणि पेटीतून एक लांब शिटी आली, मग दुसरी, मग तिसरी. पडदा काळाच्या काळा. मी बंद केलं, परत लावलं. परत तीन शिट्ट्या. सगळ्या वायरी काढून पुसून घातल्या. मग पेटीच्या पाठीत दोन चापट्या मारल्या, शाळेतल्या द्वाड पोरालाही मी कधी एवढ्या जोरानं मारलं नव्हतं. मग नमस्कार केला. मग ह्यांच्यावरच चिडले, की सगळ्या गावाच्या पत्रिका छापून कपाटभर ठेवल्या आणि पोटच्या पोरीची एक प्रत काढून ठेवता आली नाही. कागद संपला होता का घरात?

ह्यांचा कम्प्युटर पहिल्यापासून सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. साठी उलटलेले, दुकान आता अर्धवट चालू अर्धवट बंद. जन्म इथलाच, मराठी आमच्यासारखीच, हिंदीत घोळलेली. मी फोन केला तसे दुसऱ्याच दिवशी दुपारी स्कूटरवरून आले. आल्या आल्या ह्यांच्या फोटोला 'भिया' म्हणून हात जोडले आणि जमिनीवर मांडी घालून बसले.

"लावा बटण, वहिनी. मशीन काय बोलून राहिली ते ऐकू द्या."

तीन शिट्ट्या झाल्या.

"हाँ, बस. तीन लांब म्हणजे मेमरी. टेन्शन नका घेऊ, अपन आत्ता साफ करून टाकू."

त्यांनी पेटी बाहेर ओढली, उजेडाकडे फिरवली, आणि थांबले. खिशातून चिमटा काढला. आतून काहीतरी उचललं, तळहातावर घेतलं आणि चष्मा वर करून पाहिलं.

"वहिनी, ये तर तांदूळ आहेत."

मी वर्तमानपत्र पसरलं. ते एकेक काढत गेले आणि कागदावर ठेवत गेले. पिवळे पडलेले तांदळाचे दाणे, तीस-चाळीस तरी असतील. पंख्याच्या पात्याला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या. एक अख्खं वाळलेलं फूल. मेमरीची पट्टी जिथं बसते त्या खाचेच्या कडेनं हळदीचा सुकलेला थर.

"पूजा केली का?"

"दर वर्षी करतो आम्ही."

"वो तो मला पण माहीत आहे. पण भिया पहिले झाकण लावायचे ना." त्यांनी टेबलामागे भिंतीला टेकवलेला पत्रा दाखवला. तो मी हजार वेळा पुसला असेल. "हे याचं झाकण. डबा गरम होतो म्हणून भिया भिंतीकडून उघडाच ठेवायचे. पूजेच्या दिवशी तेवढं लावायचे, नंतर काढून घ्यायचे. मला एकदा हसत बोलले होते, आमची मंडळी अक्षता अशी टाकते की जसं कम्प्युटरचंच लग्न लागून राहिलंय."

ते हसले. मीही हसायला गेले आणि माझं मलाच कळलं की हे हसणं नीट होत नाहीये, म्हणून पाणी आणायला आत गेले. वीस-बावीस वर्षं हे टेबलाखाली वाकून झाकण लावत होते. मला कधी म्हणाले नाहीत की जपून टाक, आत जाईल. बायको मनापासून पूजा करते आहे तर तिचा हात कशाला धरायचा, एवढंच त्यांच्या मनात असणार. आणि मी बघत असूनही विचारलं नव्हतं की तुम्ही तिथं काय करता. त्यांच्या पाठीमागे दोन वर्षांत मी त्यांच्या कम्प्युटरची काय गत केली ते समोर कागदावर होतं.

पाणी घेऊन आले तेव्हा त्यांनी मेमरीची पट्टी काढून माझ्याकडे खोडरबर मागितलं होतं. माझ्या शाळेच्या पिशवीत नेहमी असतं. पट्टीचे पिवळे दात त्यांनी खोडरबरानं घासले, खाच ब्रशनं आणि स्पिरिटनं साफ केली, पट्टी दाबून बसवली. बटण लावल्यावर या वेळी एकच छोटी शिटी आली, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मी टाळी वाजवली.

"रुका, वहिनी. इतक्यात नाही."

अक्षरं सांगत होती की पेटीला तारीख-वेळ आठवत नाही. आतला बटणाएवढा सेल मेला होता. पडद्यावर भलतीच जुनी तारीख होती. त्या तारखेला आमची लेक चार वर्षांची असणार. त्यांनी सेल बदलला, घड्याळ लावलं. मग पडद्यावर चित्र यायला लागलं, अर्धं आलं आणि दप्‌ दिशी गेलं. पुन्हा पांढरी अक्षरं, पुन्हा चित्र, पुन्हा गेलं. मांजर दारापर्यंत येऊन परत फिरावं तसं चाललं होतं. सहा वेळा बघितल्यावर त्यांनी बॅटरीचा उजेड आत मारला आणि मला वाकायला सांगितलं.

"हे छोटे छोटे डबे दिसतात ना, यांना सपाट पाहिजे डोकं. बघा, पुरीसारखे फुगलेत. हे बदलल्याशिवाय उभी नाही राहणार मशीन."

"पाण्यानं झालं का? मी पाणी शिंपडलं होतं."

"उमर पण झालीच आहे वहिनी. आता पाणी की उमर, कोण सांगणार?"

ते मला वाचवायला बघत होते. मी मनात पाणीच धरलं.

मी विचारलं, पेटी राहू द्या, आतली पत्रिका तेवढी काढता येईल का? त्यांनी हार्डडिस्क सोडवली, एका वायरीनं आपल्या लॅपटॉपला जोडली. यादी आली. शेकडो नावं, सगळी इंदूरची, उज्जैनची, देवासची घरं. त्यात आमच्या लेकीचं घरातलं लाडाचं नाव होतं. पुढे तारीख होती. ह्यांना शेवटचं दवाखान्यात न्यायच्या आधीच्या आठवड्यातली. त्या आठवड्यात हे भिंत धरून चालायचे. कधी उठून इथं बसले मला कळलंही नव्हतं. मी शाळेत असणार.

फाइल उघडली तर पडद्यावर नुसता कचरा. चौकोन, इंग्रजी अक्षरं, मध्येच एखादा ठ.

"जुनी लिपी आहे," ते म्हणाले. "आणि सॉफ्टवेअर याच मशीनला बांधलेलं. मागे ते कुलूप लावलेलं दिसतं ना, काडेपेटीएवढं? ते असलं आणि हीच मशीन असली, तरच मराठी दिसेल. दुसरीकडे नाही."

म्हणजे पत्रिका होती, एक पान होतं, समोर होती आणि वाचता येत नव्हती. मी त्या चौकोनांकडे बघत बसले. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पेटी दुकानात न्यायची ठरवली. मी ती चादरीत गुंडाळली, त्यांनी स्कूटरला दोरीनं बांधली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

फुगलेले डबे काढून दुसऱ्या एका मेलेल्या मशीनचे धड डबे तिथं डाखायचे होते. त्याला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत लेकीचा रोज फोन. आधी "झालं का?" मग "आई, रहने दे ना. मोबाइलवर पाच मिनटांत कार्ड बनतं, मी बनवून घेते."

"तूच म्हणालीस ना, तीच पाहिजे."

"मी बोलली होती. पण तुझी तबीयत बिघडून राहिली आहे तिच्या मागे."

तबीयत बिघडली नव्हती, पण झोप उडाली होती हे खरं. मला लेकीच्या हट्टापेक्षाही आता माझीच घाई झाली होती. "आत्ता बघ ना," म्हणाले होते ते. आत्ता म्हणजे किती उशिरा, हा हिशोब मी रोज शाळेत मुलांच्या वह्या तपासता तपासता करत होते. इतकं साधं मागितलं होतं त्यांनी. दुधी चिरून व्हायला किती वेळ लागतो?

शनिवारी दुपारी पेटी परत आली. लेक संध्याकाळच्या बसनं येणार होती. त्यांनी सगळं जोडलं, झाकणही लावलं, चारही स्क्रू पिळले आणि माझ्याकडे बघून मिस्कील हसले. बटण दाबलं. एक छोटी शिटी. पांढरी अक्षरं. मग पेटी आपली डिस्क तपासत बसली, एक टक्का, दोन टक्के. बाविसाला अडकली तेव्हा मी पदराचं टोक पिळून पिळून चोळामोळा केलं होतं. पुन्हा पुढे सरकली. शंभर झाले, चित्र आलं, आणि या वेळी गेलं नाही. त्यांनी मागचं कुलूप दाबून पाहिलं, ह्यांचं सॉफ्टवेअर उघडलं, लेकीच्या नावावर दोनदा टिचकी मारली.

"घ्या वहिनी. तुम्ही बघा, मी हात धुऊन येतो."

वर छोटा गणपती. खाली कुलदैवताचं नाव. मग लेकीचं नाव, चि. सौ. कां. लावून, मोठ्या वळणदार अक्षरांत, जशी ते आवडत्या माणसांसाठीच वापरायचे. नवऱ्या मुलाच्या जागी ठिपके. मग 'यांची एकुलती एक कन्या', आणि आमची दोघांची नावं. माझी नजर आधी माझ्या नावावर गेली. माझ्या नावामागे 'श्रीमती' होतं.

मला पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, राहिलं ना जुनं काहीतरी! कुठल्या तरी घरची पत्रिका उघडली आणि तिथलं श्रीमती, मी धडधडीत सौ. असताना, माझ्या डोक्यावर ठेवलं. पत्रिका छापणाऱ्यानं सगळं चुकवावं, पण कुणा सौ.ची श्रीमती करू नये. गिऱ्हाईक समोर बसलं की हे सगळ्यात आधी हळूच तेच विचारून घ्यायचे, वडील आहेत ना, आई आहेत ना. आणि घरच्याच पत्रिकेत एवढी चूक? मग मी वरच्या ओळीत ह्यांचं नाव वाचलं. त्याच्यामागे 'कै.' होतं.

कोऱ्या पानावर केलीय, म्हणाले होते ते. कुणाच्या पत्रिकेवरून नाही.

खाली निमंत्रक म्हणून फक्त माझं नाव होतं. बाप नसलेल्या मुलीच्या पत्रिकेत तिथं काकाचं नाव घालायची आमच्याकडे रीत आहे, दिरांनी तसं मला सुचवलंही होतं. ह्यांनी तिथं मला एकटीला उभं केलं होतं. ते गृहस्थ हात पुसत आले, मागे उभं राहून त्यांनी पत्रिका वाचली. चहा घ्या म्हटलं तर "फिर कधी" म्हणून पायात चपला घालून गेले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, कुणाकडून, ते आता कळायचं नाही. डाळीच्या डब्यामागे बघितलं असेल, किंवा त्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असेल. आणि माहीत असून हे मला म्हणायचे, "आज सूज उतरल्यासारखी वाटते." पट्ट्याला नवीन भोक पाडताना म्हणाले होते, "पथ्यानं कसा सडपातळ झालो बघ." पावसाळ्यानंतर महेश्वरला जाऊ म्हणाले, आणि मी कुठल्या घाटाजवळ उतरायचं ते सांगितलं. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळते आहे. माझा गड ढासळू नये म्हणून ते आतून टेका देत होते, तेही मरता मरता. मला याचं इतकं वाईट वाटलं की रडूसुद्धा येईना. त्या दुपारी मी उठून पत्रिका बघितली असती तर आम्हाला बोलावंच लागलं असतं. तोंडानं सांगणं त्यांना जमत नव्हतं म्हणून ते टाइप करून मला बोलवायला आले होते. नवरा-बायको म्हणून तीस वर्षं काढली आणि शेवटचे पाच महिने आम्ही एका घरात दोन परक्या माणसांसारखे एकमेकांची मर्जी राखत राहिलो.

पत्रिका पुढे तशीच छापली. मुलाकडची नावं आणि तारीख भरली, बाकी काही बदलावं लागलं नाही. पण ते नंतर. त्या संध्याकाळी आधी लेक आली.

बॅग खांद्यावरच होती. "चालू झाला? दाखव ना," म्हणत ती खुर्चीत बसली. तिचं शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत झालं, मराठी ती बोट ठेवून मोठ्यानं वाचते. गणपती बघितला, कुलदैवत वाचलं, स्वतःचं नाव वाचून लाजली. मग बोट ह्यांच्या नावावर आलं आणि थांबलं.

"हे तू टाइप केलंस?"

"मला कुठं येतं टाइप?"

"मग त्या अंकलनी?"

"नाही गं. बाबांनी. त्यांनी केली तशीच आहे."

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी मनात.

"मतलब बाबांना पता होतं."

"हो."

तिनं बॅग खाली ठेवली. मला वाटलं ती आता रडेल आणि मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही. पडद्याकडे बघतच बोलली.

"आई, मी तुला बोलली होती, बाबांना सांगूया. त्यांना माझ्याशी काही बोलायचं असेल, मला पण बोलायचं होतं. तू मला स्वतःची शपथ घातलीस. याद आहे ना तुला?"

"आहे," मी म्हणाले.

याद नसायला काय झालं? पाच महिने दर शनिवारी ती भोपाळहून यायची, ह्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायची. ऑफिसच्या गमती सांगायची. हे हसायचे, ती हसायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून दोघांकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बरं चाललंय.